निळ्या काठाचा वाडगा

पायरीवर: सहा अंडी

पहिल्याच सकाळी शाल्मली दार उघडून बाहेर पाऊल टाकणार, तोच थबकली. पायरीवर पुडिंगच्या भांड्यात सहा अंडी होती, अजून कोमट. आसपास माणूस नाही. समोर माळ, माळापलीकडे समुद्र, आणि कुंपणाच्या भिंतीवर चढून तिच्याकडे टक लावून बघणारी एक मेंढी.

ऑगस्टचा तिसरा आठवडा होता. स्कॅराबॉस्ट हे स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीजमधल्या एका बेटाच्या पश्चिम टोकाचं गाव. अकरा घरं, एक चर्च, एक शाळा, आणि शाळेला चिकटून मास्तरांचं घर. शाळेत मुलं पाच आणि शिक्षिका एक. ती शिक्षिका म्हणजे ही. वय सव्वीस, जन्म लेस्टरचा, आईवडील दोघंही डॉक्टर. पोरगी वर्षभर वारा खाईल आणि गुमान परत येईल, अशी घरच्यांची समजूत.

गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, आपसात गेलिक बोलणारी. नव्या शिक्षिकेच्या दारात काहीतरी ठेवायचं ही त्यांची रीत. पण ठेवताना दिसायचं नाही, आणि आभार ऐकायला थांबायचं तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे आले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा. चौथ्या दिवशी टोपलीभर पीट, म्हणजे चुलीत जाळायच्या वाळक्या मातीच्या विटा.

आता कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे शाल्मलीच्या आईनं, रेखाताईंनी, तिला चालायच्या आधी शिकवलेलं असावं. लेस्टरला शेजारणीचा डबा परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी असायचीच. शाल्मली तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांतून दोन सुटकेसभर सामान घेऊन आली होती. मग काय, पुडिंगच्या भांड्यात चिवडा गेला, टोपलीत शंकरपाळे गेले.

फेरीबोटीवरचा मुर्डो चिवडा सूपवर घालून खाऊ लागला. शेजारची ऐंशी वर्षांची पेगी म्हणाली, "ते चौकोनी बिस्किट माझ्या कोंबड्यांना फार मानवलं."

"कोंबड्यांना घातलंत?"

"अर्धं. अर्धं मी खाल्लं. अंडी दोघींनीही द्यायला हवी होती, पण कोंबड्यांनीच दिली."

पायरीवर: बारा मेणबत्त्या

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी पायरीवर पांढरा एनॅमलचा वाडगा होता. काठ निळा, एका जागी टवका उडालेला. आत बारा जाड मेणबत्त्या. शाल्मलीला हसू आलं. घरात दिवे होते, हीटर होता, इंटरनेटसुद्धा बऱ्यापैकी चालत होतं.

बुधवारी दुपारी वादळ आलं आणि विजेचे तीन खांब झोपवून गेलं. दोन दिवस वर्गात त्या मेणबत्त्यांवर पाढे झाले. मुलांना ते इतकं आवडलं की वीज आल्यावर एलीनं, म्हणजे मुर्डोच्या सहा वर्षांच्या नातीनं, दिवा बंद करून ठेवला.

वाडगा कोणाचा, हे शोधणं शाल्मलीनं गणिताच्या तासाला लावलं. पाच मुलं वाडगा घेऊन अकरा घरी गेली, विचारून आली आणि स्तंभालेख काढायला बसली. आलेखात एकच स्तंभ आला. आमचा नाही: अकरा.

"मिस, हा आलेख चुकलाय का?" एलीनं विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

"मग एवढा एकटा का दिसतो?"

शाल्मलीनं रवा भाजला, लाडू वळले, वाडग्यात भरले आणि वाडगा फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवला. ज्याचा असेल तो नेईल. मधल्या सुट्टीत पाहिलं तर भिंत मोकळी होती. मेंढीनं नेला असता तर लाडू गेले असते, वाडगा राहिला असता. शाल्मलीनं एवढा विचार केला आणि सोडून दिला. पाच मुलांना पाच इयत्ता शिकवणाऱ्या बाईला याहून जास्त विचार परवडत नाही.

पायरीवर: पाच शिट्ट्या

नोव्हेंबर. सोमवार. तोच वाडगा, तोच टवका. आत पितळेच्या पाच शिट्ट्या, प्रत्येकीला लोकरीची दोरी.

शुक्रवारी शंख-शिंपले गोळा करायला मुलांना ओहोटीच्या वाळूवर न्यायचं ठरलेलं होतं. शाल्मलीनं शिट्ट्या धुतल्या आणि गंमत म्हणून पाचही गळ्यांत घातल्या.

निघाले तेव्हा ऊन होतं. अर्ध्या तासात धुकं असं आलं की जणू कुणी ओला टॉवेल तोंडावर टाकला. समुद्राचा आवाज चारी बाजूंनी यायला लागला. शाल्मलीनं हात धरून मुलं मोजली. चार.

तिनं हाक मारली. धुक्यानं ती तिथेच शोषून घेतली. पायाखालची वाळू मऊ होत होती. भरती लागली होती.

आणि मग शिट्टी वाजली. उजवीकडून, लांबून. पुन्हा वाजली. चौघांनी आपापल्या शिट्ट्यांनी उत्तर दिलं, आणि आवाजाच्या दोरीवरून चालत आल्यासारखी एली धुक्यातून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, खिसे शिंपल्यांनी भरलेले.

"मी हरवले नव्हते," ती म्हणाली. "तुम्हीच कुठेतरी गेला होतात."

दुसऱ्या दिवशी मुर्डो दोन लॉब्स्टर घेऊन दारात आला आणि चक्क उभा राहिला. त्या गावात ही फार मोठी गोष्ट. बराच वेळ तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "लॉब्स्टर उकळत्या पाण्यात डोक्याकडून घालायचे," आणि निघून गेला.

त्या वेळी वाडग्यात बेसनाचे लाडू गेले. दोन जास्तच.

पायरीवर: टोपडं

जानेवारीत आलं. पांढऱ्या लोकरीचं, शाल्मलीच्या मुठीएवढं.

मेणबत्त्या एक दिवस आधी आल्या होत्या. शिट्ट्या चार दिवस आधी. शाल्मली टोपडं हातात घेऊन गावातल्या एकेका बाईकडे जरा निरखून बघू लागली, मग स्वतःची लाज वाटून थांबली. लाडू मात्र भरून ठेवले.

एप्रिलमध्ये एलीच्या काकूनं चर्चबाहेर सांगितलं की तिला ऑक्टोबरात बाळ होणार. गावात सात वर्षांनी. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. शाल्मलीनं मनात महिने मोजले. नऊ. तिनं कागदात बांधून टोपडं दिलं आणि सगळ्यांना वाटलं, हिनंच विणलं. "पहिलीला तुझ्याच वर्गात येईल," काकू म्हणाली, आणि मग तिला आठवलं, ही तर वर्षापुरतीच आली आहे. ती हसायची थांबली.

पायरीवर: काही नाही

त्या दिवशी दुपारी शाल्मली पेगीकडे चहाला गेली.

"पेगी, खरं सांगा. वाडगा कोणाचा?"

"आमचा हिरव्या काठाचा."

"ते माहीत आहे. हा तुम्ही आधी पाहिलाय का?"

पेगीच्या विणायच्या सुया थांबल्या नाहीत. "लग्न झालं त्या वर्षी आला होता माझ्या दारात. माझ्या सासूच्याही आला होता. येतो अधूनमधून, एखाद्याकडे."

"मग मुलांना नाही का म्हणालात?"

"मुलांनी विचारलं, तुमचा आहे का. नाहीच आहे."

"तुम्ही काय केलंत त्याचं?"

"जे आलं ते घेतलं. वाडगा धुतला, भिंतीवर ठेवला. रिकामा."

"रिकामा?"

"सगळे रिकामाच ठेवतात. मग तो जातो."

शाल्मलीनं कप खाली ठेवला. "मी तीनदा लाडू भरून ठेवला."

"चांगले असतात तुझे लाडू."

"भरून ठेवला तर काय होतं?"

"कोण जाणे. कुणी ठेवलाच नव्हता." पेगीनं एक टाका उसवला आणि पुन्हा घातला. "तोंड असं करू नकोस, पोरी. वाईट काही आलंय का त्यातून आजवर?"

नव्हतं आलं.

दारातून आत: एक पत्र

मे महिन्यात कौन्सिलचं पत्र आलं. शाल्मलीची नेमणूक वर्षाची. पुढे राहायची इच्छा असल्यास येत्या शुक्रवारपर्यंत कळवावं. नसल्यास, दुसरा अर्ज कोणाचाच आलेला नसल्यामुळे, शाळा बंद होईल आणि मुलांना रोज फेरीबोटीनं शेजारच्या बेटावर जावं लागेल. जायला तास, यायला तास, आणि हिवाळ्यात फेरी निम्मे दिवस बंद.

लेस्टरला घरापासून दहा मिनिटांवर एका शाळेत जागा निघाली होती. रेखाताईंनी फॉर्मसुद्धा डाउनलोड करून ठेवला होता.

"आई, मी अजून राहू म्हणते."

"अजून म्हणजे किती?"

"दोन वर्षं. फक्त."

"शाल्मली, तिथे कोथिंबीर तरी मिळते का?"

"पोस्टानं येते."

"पोस्टानं." रेखाताईंनी कोथिंबिरीचा विषय सोडला. "आणि लग्न? मेंढ्यांमध्ये बघायचं का आम्ही?"

"मेंढ्या सगळे सेटल्ड आहेत, आई. फॅमिलीवाले."

"सगळ्या. मेंढ्या सगळ्या." मग आवाज उतरला. "असं काय ग मिळतं तुला तिथे?"

शाल्मलीनं खिडकीतून पाहिलं. तिचा शेवटचा चिवडा वाळूवर सांडून मुलं सीगल गोळा करत होती.

"सकाळी दार उघडलं की कोणीतरी माझा विचार केलेला असतो," ती म्हणाली. "रोज. आणि मला कोणाला थँक्यूसुद्धा म्हणू देत नाहीत. मग मी काय करू? शिकवते."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. दोन वर्षं. लिहून दे."

"लिहून?"

"व्हॉट्सॲपवर. बाबा क्लिनिकमधून आले की दाखवायला काहीतरी हवं माझ्याकडे."

तिनं आईला लिहून दिलं. कौन्सिललाही लिहून दिलं: दोन वर्षं. शुक्रवारी पोस्टाच्या लाल गाडीत पाकीट टाकलं तेव्हा गाडीवाला म्हणाला, "हो की नाही?" ती म्हणाली, "हो." तिच्या आधी ही बातमी अकरा घरी पोचली. संध्याकाळपर्यंत पायरीवर पाऊल ठेवायला जागा उरली नाही. चीज, स्कोन म्हणजे गोडसर पाव, मोजे, एक जिवंत खेकडा.

पायरीवर: वाडगा

शनिवारी तो रिकामा आला.

असं कधी झालं नव्हतं. शाल्मलीनं तो उलटा केला, आतून बोट फिरवलं. स्वच्छ, कोरडा. तिला वाटलं, आता आपली पाळी. इतके महिने कोणीतरी देतंय, आज विचारतंय.

तिनं अकरा लाडू वळले. वर एक चिठ्ठी ठेवली. मेणबत्त्यांबद्दल, शिट्ट्यांबद्दल, टोपड्याबद्दल मनापासून आभार. मी अजून दोन वर्षं इथे आहे. शेवटी मुलांनी शिकवलेला धन्यवाद, गेलिकमध्ये: तापा लीव. स्पेलिंग एलीनं तपासून दिलं.

वाडगा भिंतीवर ठेवून ती आत वळली. परत मान वळवून पाहिलं, तर तो नव्हता. माळावर कुणी नव्हतं. माळ चांगला मैलभर उघडा आहे.

पायरीवर

सोमवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. मुलं शाळेच्या अंगणात तिची वाट बघत होती, शिट्ट्यांवर कुठलंसं गाणं वाजवत होती.

वाडग्यात मावत नव्हती, म्हणून त्याच्यावर आडवी ठेवली होती. काठी. हेझलच्या लाकडाची, वर मेंढीच्या शिंगाची मूठ. बेटावर हेझलचं झाड नाही.

नवी नव्हती. टोकाचं रबर एका बाजूनं झिजलेलं होतं. शिंगाची मूठ वर्षानुवर्षं हाताळल्यासारखी गुळगुळीत, आणि अंगठ्याच्या जागी खोलगट.

शाल्मलीनं ती उचलली. पेगीची असेल, चुकून राहिली असेल.

तिचा अंगठा त्या खळगीत बसला. चार बोटं चार जागी बसली.

तिनं काठी पायरीवर टेकवून पाहिली. उंचीला आखूड होती. चांगली तीन-चार बोटं.

तिला हायसं वाटलं. आपली नाही.

"मिस," एली अंगणातून ओरडली, "येताय ना?"

"आले," म्हणत ती एलीकडे बघायला सहज पुढे झुकली. खांदे थोडे उतरले, पाठीला म्हातारीसारखा जरासा बाक आला.

काठी बरोबर झाली.