बंद करायला आणलेली सुरई

“जगात अशी वस्तू नाही, जी मला उघडता येत नाही.”

हे आमच्या मामाचं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी तो ते म्हणायचा. गिऱ्हाईक नसेल तर आरशाला ऐकवायचा.

आता म्हणत नाही. का, ते सांगते. यातलं एक अक्षर खोटं नाही, मी स्वतः तिथे होते.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे काही नव्हतं. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते, आणि मी कानशीने एका कपाटाची चावी घासत होते.

मामाचं कुलपांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. गल्लीत त्याला ‘चावीसम्राट’ म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच ठेवलंय.

तेवढ्यात बंदरातला गाळ काढणारा एक माणूस आला. त्याने पोत्यातून एक सुरई काढली. तांब्याची, हिरवी पडलेली. तोंडावर शिशाचं जाड सील, त्यावर कसली तरी अक्षरं. सीलला केसाएवढी चीर गेली होती.

“ही चीर तेवढी बुजवून द्या,” तो म्हणाला. “वरून शिसं ओता. उघडू मात्र नका.”

“उघडू नको?” मामाने हे असं विचारलं, जणू त्याला कोणी उपाशी राहायला सांगितलंय.

“नका उघडू. गाळातून वर काढली तेव्हा आमच्या बोटीवरचे सगळे नट आपोआप आवळले गेले. दोन दिवस यंत्र हललं नाही.”

तो गेला. मामा हसला.

“घाबरट लेकाचा! अगं, माणूस कुलूप का लावतो? चोर आत येऊ नये म्हणून. म्हणजे आत माल आहे.”

“आतलं बाहेर येऊ नये म्हणूनही लावतात, मामा.”

“तू कानस चालव.”

आणि त्याने पटाशी घेऊन सील उडवलं.

काहीच झालं नाही.

धूर नाही. आवाज नाही. मामाने सुरई उलटी करून हलवली. रिकामी!

“बघितलंस? नुसता—”

खट्ट...

भिंतीवर विकायला टांगलेली तीनशे कुलपं होती. सगळी उघडी.

ती एकाच वेळी बंद झाली.

मग शटर खाली आलं... सावकाश. कोणीतरी आपल्यावर उपकार करत असल्यासारखं.

मग मागून मामीचा आवाज.

“अहो! बाथरूमची कडी निघत नाहीये. आणि हा नळही बंद होत नाहीये!”

आम्ही धावलो. आत पाणी धो धो पडत होतं.

“घोट्यापर्यंत आलंय,” मामी म्हणाली. “मोरीतून जातच नाहीये.”

दाराखाली बोटभर फट आहे. तिथून एक थेंबही बाहेर येत नव्हता. मी फटीत बोट घातलं. कोरडं.

मग आतून कोणीतरी ते बोट... हळूच बाहेर ढकललं.

“मामी, तू ढकललंस?”

“मी स्टूलवर चढलेय, बाई! गुडघ्यापर्यंत आलंय!”

सम्राट कामाला लागले. वाकडी तार घातली, तार सरळ झाली. ड्रिल लावलं, ड्रिल उलटं फिरलं. बिजागरीचे स्क्रू काढायला गेला तर ते अजून आत गेले. लाथ मारली. अंगठा सुजला.

मी खिडकीच्या गजांतून ओरडले. वरच्या मजल्यावर अरबी शिकवणाऱ्या बाई राहतात, त्या खाली आल्या. मी सीलचे तुकडे गजांतून दाखवले. बाईंनी चष्मा सारखा केला.

“हे कोणी फोडलं?”

मी मामाकडे बोट दाखवलं.

“वाटलंच. वाचता येत नव्हतं तर विचारायचं. आत मारिद होता.”

“म्हणजे जिन्न?”

“जिन्नांमध्ये सांगितलेलं ऐकणारेही असतात. मारिद म्हणजे बंडखोर. सुलेमान नबींचाही हुकूम ज्यांनी मानला नाही, त्यांना तांब्यात कोंडून समुद्रात टाकलं, असं जुने लोक सांगतात. त्याला हुकूम चालत नाही. आणि त्याच्यापुढे कोणी मिरवलेलं तर मुळीच चालत नाही.”

हे ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? आमच्या मामाने हवेला दम दिला.

“ए! कोण आहेस रे तू? दार उघड! मी कोण आहे माहितीये?”

नळाचा आवाज दुप्पट झाला.

म्हणजे माहिती होतं.

“गळ्यापर्यंत आलं हो!” मामी किंचाळली. झरोक्यातून तिने बाईंचं सगळं ऐकलं होतं. “त्याला काय हवंय ते कळत नाही का? म्हणा ना एकदा, मला जमत नाही म्हणून!”

“अगं, दोन मिनिटं. दुसरी तार आणतो.”

“तीस वर्षं ऐकतेय मी तुमची दोन मिनिटं! मी बुडतेय!”

मामाने तोंड उघडलं.

“सध्या... जरा अवघड आहे.”

काही नाही.

“हे कुलूपच हलक्या प्रतीचं—”

आत गुळगुळ असा आवाज झाला.

मग मामीचा आवाज... बंद.

नळाचाही बंद.

मी मामाच्या पाठीत कानस हाणली. खोटं कशाला सांगू.

“नाही जमत!” तो रडत ओरडला. “मला नाही जमत!”

खट्ट.

दार उघडलं. लादी कोरडी ठणठणीत. बादलीसुद्धा कोरडी. मामी स्टूलवर टाचा उंचावून उभी होती, हनुवटीपर्यंत चिंब. त्याच्या वर केसही भिजला नव्हता.

आणि आम्हा तिघांच्याही कानाशी, अगदी जवळ, कोणीतरी म्हणालं...

“थू.”

मामाने गाल पुसला. पुसावा लागला, मी पाहिलंय.

संध्याकाळी गाळवाला आला. मामाने रिकाम्या सुरईवर शिसं ओतून ठेवलं होतं. त्याने ती हातात घेतली. तोलून पाहिली.

“हलकी झालीये,” तो म्हणाला, आणि सुरई तिथेच टाकून पळाला.

महिनाभर मामा गप्प होता. मग एके दिवशी एका गिऱ्हाईकापुढे त्याची जीभ सैल सुटली.

“बाथरूमचं दार? छे! एका तारेत उघडलं मी, एका—”

खट्ट.

आवाज जबड्यातून आला.

त्या दिवसापासून मामाचं तोंड उघडत नाही. दाताच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं ठीक आहेत. त्यांनी फटीत चिमटा घातला, तो वाकला. मामी दातांच्या फटीतून नळीने पेज पाजते.

बाई म्हणाल्या, “पुन्हा कबूल करा म्हणावं.”

पण त्यासाठी तोंड उघडायला हवं. म्हणून मी वही-पेन दिलं. म्हटलं, मामा, तीन शब्द आहेत, लिहून टाक. लिहिलेलं चालेलही कदाचित.

तो रोज लिहितो: ‘दोन दिवसांत उघडतो.’

आज एकोणिसावा दिवस. दुकान मी सांभाळते. कुलूप बंद करताना आधी हळू आवाजात परवानगी मागते. कोणाची, ते विचारू नका. कधीकधी कुलूप माझ्या आधीच लागतं.

आज सकाळी लिहिता लिहिता मामाची मूठ बंद झाली. पेन आतच आहे.