धुतलेल्या पिंजऱ्यातला आवाज

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि गंधाली थापा मारणारी बाई नाही.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. भर दुपार. गोरेगावातली एक प्रयोगशाळा. नाव विचारू नका.

गंधाली तिथे पीएचडी करत होती. उंदरांच्या नवजात माद्यांना इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं संप्रेरक, टोचायचं आणि त्यांच्या स्तनग्रंथी वेळेआधी कशा वाढतात ते बघायचं. अर्ध्या पिल्लांना इस्ट्रोजेन. अर्ध्यांना, तुलनेसाठी, नुसतं तेल.

इस्ट्रोजेनवाली पिल्लं तिने शनिवारीच मारली होती. स्वतःच्या हाताने. ग्रंथी काढून तपासायच्या तर दुसरा इलाज नसतो. त्यांचा पिंजरा धुऊन पुन्हा मांडणीवर ठेवला होता.

रविवारी ती तेलवाल्या पिल्लांना बघायला आली. खोलीत फक्त एसीची घरघर.

आणि मग...

चुक्. चुक्. चुक्.

तिचा हात जागीच थांबला.

हा आवाज ती ओळखत होती. तिची जान्हवी तीन वर्षांची. अंगावरचं दूध तुटून वर्ष उलटलं होतं. पण हा आवाज कुठली आई विसरते?

आवाज येत होता... धुतलेल्या पिंजऱ्यातून.

तिने वाकून पाहिलं.

आत काहीच नव्हतं.

"भीमराजदादा! जरा इकडे या ना!"

पिंजऱ्यांची देखभाल करणारे भीमराज बाहेरून धावत आले.

"काय झालं, मॅडम?"

"काही ऐकू येतंय?"

त्यांनी कान दिला. "नळ गळतोय वाटतं."

नळ कोरडा होता.

आवाज थांबला.

मग... पुन्हा सुरू झाला. आता शेजारच्या पिंजऱ्यातून.

तिथे एक कोवळी मादी कुशीवर पडली होती. पिल्लांना पाजणारी आई पडते, तशी. जवळ कोणीच नव्हतं. तरी तिच्या पोटावरची लव दबत होती... उठत होती... दबत होती. कोणीतरी तोंडाने ढुशा द्याव्यात तशी.

गंधालीने तिला उचललं. बोटांना ओल लागली.

पांढरी.

"दादा, हिच्या शेपटीवर हिरवी खूण आहे. ही तेलवाली. हिला दूध येईलच कसं?"

भीमराजांनी नजर दुसरीकडे वळवली होती.

"मॅडम... तुमचा ड्रेस."

तिने खाली पाहिलं.

कुर्ता समोरून भिजला होता. दोन्ही बाजूंनी.

सोमवारी तिचे गाईड सर म्हणाले, "खुणांची अदलाबदल झाली असेल. ती मादी आजच कापून तपास."

"नाही जमणार, सर."

"गंधाली, थीसिसची वाट लागेल तुझ्या!"

लागली. हातातोंडाशी आलेली पीएचडी तिने सोडली. डॉक्टरांच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. नवऱ्याला, श्रेयसला, तिने एवढंच सांगितलं की कंटाळा आला.

मागच्या आठवड्यात मी मुलुंडला तिच्या घरी गेले होते. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. जान्हवी दारात उभी.

"काय गं, ये ना आईजवळ," मी म्हटलं.

जान्हवीने मान हलवली.

"मांडीवर जागा नाहीये."

मी हसले. गंधाली हसली नाही. तिने मांडीवरची ओढणी हळूच सारखी केली... आणि ओठांवर बोट ठेवलं.