आपोआप बंद होणारं दार

मागच्या जिन्याचं दार तिनं उघडलं, तर पलीकडे एक माणूस डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन उभा. ती दचकली, तोही दचकला, आणि खुर्ची त्याच्या नाकावर आली.

"कोण तुम्ही?"

"खालचा," तो खुर्चीच्या आतून म्हणाला. "नवीन दुकान माझं... खुर्च्या दुरुस्त करतो. आणि तुम्ही?"

"वरची."

एवढंच बोलणं झालं. पण वर गेल्यावर आत्यानं "पॉलिशचा वास कुठून येतोय गं?" असं सहज विचारलं आणि ती उगाचच लाजली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. 'आता पुढची ओळ वाचा' सांगून सांगून दिवसाअखेर घसा बसायचा. तरी संध्याकाळी पाय आपसूक मागच्या जिन्याकडे वळायचे. दार उघडं राहावं म्हणून खुर्चीवाल्यानं त्याला एक खुर्ची लावून ठेवलेली असायची. ती शेवटच्या पायरीवर बसायची, तो आत स्पंज कापत बसायचा, आणि बसलेला घसा बघता बघता सुटायचा.

मग तपासनीसबाई आल्या. इमारती नियमात बसतात की नाही हे बघणं त्यांचं काम. हसणं बहुतेक त्या नियमात बसत नसावं.

"खाली स्पंज, लाकूड, पॉलिश. वर माणसं राहतात," त्या म्हणाल्या. "दुकान पेटलं तर धूर सरळ जिन्यातून वर. भिंत घालावी म्हटलं, तर वरच्यांना पळायला दुसरी वाट नको का? तेव्हा आग अडवणारं दार बसवा. आपोआप बंद होणारं."

तसं जाडजूड दार बसलं. त्यावर पाटी लागली: 'हे दार उघडं ठेवू नये.' खुर्चीवाल्यानं सवयीनं खुर्ची लावली, आणि नेमकी तपासनीसबाईंनी ती बघितली.

"पुन्हा असं दिसलं तर वर राहायची परवानगी रद्द," त्या तिला म्हणाल्या. "बिऱ्हाड हलवावं लागेल."

दोघांचं धाबं दणाणलं. बिऱ्हाड हललं की ही पायरी गेली, या गप्पा गेल्या, आणि तोही गेलाच की. रस्त्यात भेटला तर तो 'नमस्कार' म्हणून मान खाली घालून सटकायचा. त्याची जीभ सुटायची ती फक्त या दारात.

तेव्हापासून ती दार ढकलायची आणि चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायची. तो हात पाठीशी बांधून उभा. दार मिटेपर्यंत जेवढं होईल तेवढं बोलणं.

"आज तुमचे डोळे—"

धप्प.

तिनं परत ढकललं. "माझे डोळे काय?"

"लाल दिसतायत. झोप नाही झा—"

धप्प.

"झोप कशी होणार... तुम्ही होऊ दिलीत तर ना," ती बंद दाराला म्हणाली. पलीकडे शब्द जात नसे, त्यामुळे दाराशी ती फार धीटपणे बोलायची.

"सरळ विचारून टाक त्याला," आत्या म्हणाली.

"मी का विचारू? त्यानं सांगावं."

"तो सांगतोय गं बाई. दार सांगू देत नाहीये."

त्या संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. केस पाणी लावून बसवलेले.

"मला तुम्हाला सांगायचंय की—"

धप्प.

"की?" तिनं ढकललं.

"की तुम्ही मला खू—"

धप्प.

"पुढची ओळ, पुढची ओळ," ती पुटपुटली, आणि खांदा लावून दार लोटलं. त्याच्या शेजारी तपासनीसबाई उभ्या होत्या.

गेलं बिऱ्हाड, तिच्या मनात आलं.

"हे काय चाललंय?" तपासनीसबाईंनी विचारलं. "बिजागऱ्या खिळखिळ्या करायच्यात का?"

"उघडं ठेवायचं नाही ना..." तो चाचरत म्हणाला. "म्हणून आम्ही आपलं थोडं थोडं..."

दार मिटायला निघालं. तपासनीसबाईंनी ते एका हातानं अडवलं. दोघं हबकून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"बाई... पाटी," ती म्हणाली.

"पाटी खुर्चीसाठी आहे. आग लागली की माणूस दार सोडून पळतो. खुर्ची पळते का? माणसानं धरलं तर कोण नको म्हणतंय?"

इतके दिवस, इतकी अर्धी वाक्यं... तिनं कपाळावर हात मारला. तो मात्र पुढे आला, तपासनीसबाईंच्या हातून दार घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"तुम्ही मला खूप आवडता," तो म्हणाला.

सबंध वाक्य. तिला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना.

"पुढची ओळ वाचा," ती कशीबशी म्हणाली.

"माझ्याशी लग्न कराल?"

"हे माझ्या अखत्यारीत येत नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत.

"अगं, हो म्हण की," जिन्यातून आत्याचा आवाज आला.

तिनं उंबरा ओलांडला आणि पहिल्यांदाच त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "कधीची म्हणतेय. तुम्हालाच ऐकू जात नव्हतं. सोडा आता ते दार."

त्यानं सोडलं. धप्प.

पलीकडून आत्या नक्कीच काहीतरी ओरडत असणार. पण एक अक्षर ऐकू आलं नाही. तपासनीसबाईंनी दाराला कान लावून नीट खात्री केली.

"दार पास," त्या म्हणाल्या.