दहाव्या रकान्यातले क्रौंच

"तो दिवा आधी बंद कर."

अंधारातून आवाज आला आणि मी जागीच थबकले. मार्चचा पहिला शनिवार, पहाटेचे पावणेसहा, आणि थंडी अशी की नाक जागेवर आहे का ते चाचपून पाहावं लागत होतं. माझ्या कपाळावर टॉर्च, हातात चालू मोबाइल आणि अंगात लालभडक जाकीट.

"मोबाइलही. आणि हे जाकीट... उलटं करून घाल. आतून काळं आहे ना?"

"मला हुकूम सोडणारा तू कोण?" मी फणकारले.

"इथला वाटाड्या," आवाज शांतपणे म्हणाला. "आणि गणिताच्या तासाला तुझ्या बरोब्बर मागे बसणारा. चार वर्षं झाली, ग्रेटा. पुटपुटत येत होतीस ना, तेव्हाच ओळखलं."

मी मुकाट्यानं टॉर्च बंद केला. बरंच झालं, माझा चेहरा कसा झाला ते त्याला दिसलं नाही. चार वर्षं... आणि मला त्याचं नाव आठवेना. शेवटी त्यानंच सांगितलं, एलिसिओ.

मी तिथे कशी पोचले ते आता सांगून टाकते, त्यात माझी अब्रू गुंतलेली असली तरी. आमच्याकडे बारावीचं वर्ष म्हणजे तारेवरची कसरत. सकाळी शाळा, दुपारी धावण्याचा सराव, संध्याकाळी अभ्यास, आणि उरलेल्या फटीत कॉलेजांचे अर्ज. मी अकरा कॉलेजांना अर्ज केले होते, प्रत्येकाचा निबंध वेगळा. वहीत माझ्या प्रत्येक तासाला रंग होता. शाळा निळी, अर्ज लाल, मैत्रिणी पिवळ्या. पिवळा हळूहळू दिसेनासाच झाला. माझी मैत्रीण जोलीन एकदा म्हणाली, "तुझ्याशी बोलायला मीही निबंध लिहून देऊ का?"

तर त्या अर्जात 'शाळेबाहेर काय करता' म्हणून दहा रकाने असतात. माझे नऊ भरले आणि दहावा रिकामा राहिला. रिकामा रकाना मला बघवत नाही, जन्मजात खोड. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी त्यात लिहून टाकलं – क्रौंच पक्ष्यांच्या नदीवर स्वयंसेवक, चाळीस तास. पक्षी मार्चमध्ये येतात, तेव्हा करून टाकू. हे खोटं थोडंच आहे, मी मनाला समजावलं, फक्त जरा आगाऊ आहे.

फेब्रुवारीत शाळेच्या समुपदेशक मिसेस हॅव्हलिचेक यांनी बोलावून घेतलं. जिथे प्रवेश मिळेल त्या कॉलेजला मार्चअखेर त्या चाळीस तासांचा सही केलेला कागद पाठवायचा होता, नाहीतर प्रवेश रद्द. "तास चालू आहेत ना गं?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. मी म्हटलं, "हो हो, चालू आहेत." खोटं उघडं पडून चालणार नव्हतं. कारण अकरातलं एक होतं थॉर्नबरी. लांब व्हरमाँटमध्ये, डोंगरातलं. बारा वर्षांची असल्यापासून मी त्याचं चित्र कपाटाच्या आत चिकटवून ठेवलेलं. त्यांचा निकाल पंचवीस मार्चला लागणार होता.

आणि नदी? नदी आमच्या घरापासून सहा मैलांवर. तिथले पक्षी बघायला जपानहून माणसं येतात. मी अठरा वर्षांत एकदाही गेले नव्हते. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

त्या पहाटे एलिसिओनं आम्हा बारा-तेरा जणांना एका रांगेत नदीकाठच्या लपणात नेलं. लपण म्हणजे लाकडी फळ्यांची लांबट खोली, नदीच्या बाजूला वीतभर खिडक्या. नियम कडक. मोबाइल कचेरीतल्या पत्र्याच्या डब्यात. बोलायचं तर कुजबुजत. आणि एकदा आत गेलं की पक्षी उठून जाईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. मला धडकीच भरली. दोन तास, हातात काही नाही, करायला काही नाही.

मग आवाज यायला लागला. आधी कुठूनतरी घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा, मग सगळीकडून. खिडकीबाहेर राखाडी उजेड फुटत होता. नदीच्या मधोमध मला वाळूचं एक लांबच लांब बेट दिसलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि त्या बेटानं मान वर केली.

बेट नव्हतंच ते. ते पक्षी होते. घोट्याएवढ्या पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे, दिसेल तिथपर्यंत, हजारो. प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एलिसिओनं माझ्या बाहीला बोटानं दोनदा टकटक केलं आणि वर दाखवलं. एक गरुड.

पुढचं मला नीट सांगताच येत नाही. अख्खी नदी उठली. पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा आवाज, तो कानांत नाही, छातीत ऐकू येत होता. आकाश दिसेनासं झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भानावर आले तेव्हा माझे गाल ओले होते आणि मी शेजारच्या माणसाची बाही गच्च धरली होती. बाही एलिसिओची.

उजेडात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. जाड भुवया, पुढच्या दाताचा टवका उडालेला, आणि डोळे असे की जणू त्यांनीही हे आत्ता पहिल्यांदाच पाहिलंय. तो दर मार्चला येत होता, नववीपासून. तरीही.

"काय?" त्यानं विचारलं.

अकरा निबंध लिहिणारी मी त्याची चुरगळलेली बाही सारखी करत बसले.

कचेरीत त्यानं माझा तासांचा कागद काढला आणि हिरव्या पेनानं लिहिलं, अडीच. मी म्हटलं, घरातून निघाल्यापासून मोज ना, चार होतात. तो म्हणाला, अडीच. मी म्हटलं, निदान तीन. त्यानं पेनाचं टोपण लावलं. मग नाइलाजानं मी त्या दहाव्या रकान्याची सगळी हकीकत सांगितली. तो इतका हसला की टवका उडालेला दात पुरता दिसला.

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"आगाऊ लिहिलं."

"अकरा कॉलेजं? कुठली कुठली?"

मी धडाधड सांगितली, पाठच होती. त्यानं किती ठिकाणी अर्ज केलाय विचारलं तर म्हणाला, एक. आमच्याच गावातलं विद्यापीठ, नदीचा अभ्यास करायचाय. मी विचारलं, बाहेरचं जग बघावंसं वाटत नाही का तुला. तर म्हणतो, जग मार्चमध्ये इथेच येतं की, मेक्सिकोपासून सायबेरियापर्यंतचं, मी कशाला जाऊ.

तेव्हापासून त्यानं माझं नावच टाकलं. "काय अकरा, झोप झाली?" गणिताच्या तासाला मागून आवाज यायचा आणि माझं समीकरण चुकायचं. त्या पहिल्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पुलावरून जाताना मी त्याच्याकडून ते हिरवं पेन मागून घेतलं आणि माझ्या हातून ते थेट नदीत पडलं. तो कठड्याला टेकून शांतपणे म्हणाला, "आता ते मिसिसिपीला जाईल. कुणीतरी गावाबाहेर पडलं म्हणायचं." त्यानंतर माझे तास निळ्या पेनानं लिहिले गेले.

शनिवार-रविवार पहाटे आणि सरावानंतर संध्याकाळी मी नदीवर असायचे. इतिहासाच्या तासाला डुलक्या काढल्या, एका चाचणीत दांडी उडाली. जोलीननं शाळेच्या नृत्यसमारंभासाठी झगे बघायला बोलावलं तर मी विसरले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. तिनं माझी वही उघडली. निळ्या-लालमध्ये भलत्याच रंगाच्या चौकटी. "हा राखाडी कोण?" ती म्हणाली. मी म्हटलं, पक्षी. ती म्हणाली, "हो का? पक्ष्याला भुवया आहेत वाटतं जाड जाड." या मुलीपासून काही लपत नाही.

एका संध्याकाळी बर्फाळ पावसाची झड लागली. पाहुणे आलेच नाहीत. लपणात आम्ही दोघंच. त्याच्या आईनं दिलेलं मक्याचं पीठ घातलेलं दाट गरम चॉकलेट थर्मासमध्ये होतं, माझ्या आईची कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, डब्यात. खिडकीसमोर एक जोडी नाचत होती. एकानं दाणे गेलेल्या कणसाचा बुरकुंडा चोचीनं उडवला, दुसरीनं पंख पसरून उडी मारली. पावसाचं त्यांना काही नव्हतं. जोडी जन्मभराची असते, एलिसिओ कुजबुजला, आणि एवढ्या गर्दीत चुकामूक झाली तरी ती एकमेकांना आवाजावरून शोधतात.

"साठ हजारांत एक आवाज... कसा ओळखत असतील?" मी विचारलं.

तो बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "मागे बसून ऐकत राहायचं. चार वर्षं."

चॉकलेटचा घोट माझ्या घशातच अडकला. खोकायची तर बंदी. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो घोट गिळत होते आणि तो हसू दाबत होता, पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सहा वर्षं मी थॉर्नबरीच्या होकारासाठी देव पाण्यात घालून बसले होते, आणि आता मला त्याच होकाराची भीती वाटायला लागली. नकार आला तर मी मोडणार होते. होकार आला तर पंधराशे मैल. एलिसिओनं एकदा तरी 'जाऊ नकोस' म्हणावं असं मला वाटे. म्हणाला असता तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते, तेही खरं. तो मात्र तास लिहायचा, सही करायचा, कागद फाइलमध्ये ठेवायचा.

पंचवीस मार्च, संध्याकाळचे सहा. निकाल त्याच वेळी येणार होता. घरी आई-बाबा केक आणून बसलेले, जोलीनचे फोनवर फोन. आणि मी? माझे साडेअडतीस तास झाले होते. मी मोबाइल पत्र्याच्या डब्यात टाकला आणि लपणात जाऊन बसले. भित्रेपणा म्हणा हवं तर.

सूर्य टेकला आणि ते आले. शेतांवरून, रांगांमागून रांगा, केशरी आभाळभर. पाय खाली सोडून ते अलगद पाण्यात उतरत होते आणि प्रत्येक जण आपलं माणूस हाकारत होता. माझं नशीब तिकडे डब्यात पडलं होतं आणि इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं हलकंही. मी चाचपडत त्याचा हात धरला. या वेळी बाही नाही, हात. त्यानं तो घट्ट धरून ठेवला.

अंधार पडल्यावर पाहुण्यांना पोचवून आम्ही कचेरीत आलो. त्यानं डबा उघडून मोबाइल माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. पहिलाच शब्द 'अभिनंदन' होता.

"मिळालं," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

तो वळला. त्याचा चेहरा उजळला होता, अगदी मनापासून, आणि त्याचाच मला संताप आला. "एवढंच? मी पंधराशे मैल चाललेय आणि तू नुसता खूश?"

त्यानं फाइलमधून माझा कागद काढला, शेवटचे दीड तास लिहिले, चाळीस, सही. आणि कागद माझ्यापुढे धरला. "उलटा कर."

मागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक अकरा कॉलेजांची नावं होती. मी घडाघडा बोलले होते त्याच क्रमानं. प्रत्येकापुढे तिथल्या पुढच्या वर्षीच्या वसंतातल्या सुट्टीच्या तारखा, आणि तारखांपुढे – 'पक्षी असतील.' 'पक्षी असतील.' 'थोडे असतील.' सगळं हिरव्या शाईत. ते पेन तर दुसऱ्याच दिवशी नदीत गेलं होतं. म्हणजे त्यानं हे पहिल्याच दिवशी लिहिलं, माझे अडीच तास मोजले त्याच दिवशी.

सगळ्यात खाली थॉर्नबरी. अकरा ते एकोणीस एप्रिल. पुढे हिरव्या शाईतच, 'पक्षी गेलेले.' पण त्याच्याखाली एक ओळ निळ्या शाईत होती, नंतर लिहिलेली, बारीक अक्षरात – 'पक्षी गेले की मी मोकळा. ओमाहाहून बस, अडतीस तास, चार ठिकाणी बदलायची.'

मी ती ओळ दोनदा वाचली. गाव सोडून कधी कुठे न गेलेल्या, 'मी कशाला जाऊ' म्हणणाऱ्या मुलानं बसच्या वेळा शोधून ठेवल्या होत्या.

"तुला... जमेल?" मी विचारलं. "अडतीस तास बसून राहायचं, एलिसिओ."

"न बोलता, न हलता बसायची मला सवय आहे," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "आवडतेस तू मला, ग्रेटा. हे गणिताच्या तासालाच सांगायचं होतं. पण तू कधी मागे वळलीच नाहीस."

आता वळले होते. टाचा उंचावून मी त्याच्या त्या टवका उडालेल्या हसण्याचं चुंबन घेतलं, आणि बाहेर नदीवर साठ हजार जण एकाच वेळी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मिसेस हॅव्हलिचेक यांना कागद हवा होता. मी त्यांना झेरॉक्स दिली, फक्त पुढच्या बाजूची.