काकांचे नऊ सेकंद

मी त्या खोलीत स्वतः उभी होते. त्यामुळे हे मनाचे खेळ आहेत, असं मला कुणी समजावू नये. गेल्या वर्षीचा एक मंगळवार. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे माझ्या मावशीची बैठकीची खोली, तिसरा मजला.

पण गोष्ट माझी नाही, माझ्या मावसभावाची आहे. लहानपणी त्याने घरातलं एकही घड्याळ धड ठेवलं नाही, म्हणून सगळे त्याला खुडबुड्या म्हणतात. आता चाळिशी गाठली तरी नाव काही सुटलेलं नाही.

त्याचं काम जुन्या गाण्यांचं. फंक आणि सोल या जुन्या अमेरिकी ठेकेबाज संगीताच्या दुर्मिळ रेकॉर्ड शोधायच्या, त्यातला एखादा ठेका कापायचा, तेवढाच गोल गोल फिरवत ठेवायचा आणि वर नवं गाणं चढवायचं. याला लूप म्हणतात.

त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, तरुणपणी ड्रम वाजवायचे. पाच जणांचा बँड होता. पाचही जण एकाच कारखान्यात पत्रे ठोकायचे आणि सुटीच्या दिवशी फंक वाजवायचे. एकच रेकॉर्ड निघाली, तीनशे प्रती. वर नाव छापलं ते फक्त गायकाचं. पुढे बँड मोडला आणि काकांनी घरात तो विषय कधी काढला नाही.

ती रेकॉर्ड खुडबुड्याला एका भंगारवाल्याकडे सापडली. त्यात मध्येच बाकीचे चौघे थांबतात आणि एकटे काका वाजवतात. नीट कान दिला तर शेवटी त्यांनी आत घेतलेला श्वासही ऐकू येतो.

मग शेवटचा ठोका.

नेमका त्या ठोक्यावर ओरखडा होता. कर्रकन वाजायचा. खुडबुड्याने तेवढा ठोका छाटून टाकला. उरले नऊ सेकंद.

काकांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने त्यावर गाणं केलं आणि इंटरनेटवर टाकलं. या वेळी वडिलांचं नाव सगळ्यात वर. लोकांना कळावं ड्रम कोणाचे आहेत, एवढीच त्याची इच्छा होती. गाणं बघता बघता पसरलं.

आठवडाभराने मावशीचा फोन आला. मी तेव्हा त्याच्याकडेच होते.

"अरे, हे सारखी वेळ विचारताहेत."

"वय झालं, आई."

"वय मला नको शिकवूस. तू ये आधी."

आम्ही दोघं गेलो. काका बैठकीच्या खोलीत खुर्चीत होते, मांडीवर चहाचा कप.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारलं. कप ओठांपर्यंत नेला. खिडकीकडे पाहिलं. श्वास आत घेतला...

"किती वाजले गं?"

कप परत मांडीवर होता.

खाली येताना मी तो पाहिलाच नाही. माझी पापणीही लवली नव्हती.

पुन्हा कप वर. पुन्हा खिडकी. पुन्हा श्वास आत... बाहेर येताना एकदाही दिसला नाही.

मी खुडबुड्याकडे पाहिलं. त्याचा पाय ताल धरत होता. त्याच्याही लक्षात आलं. त्याने मोबाइलवर सेकंद मोजले. नऊ.

त्याने गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. थोड्या वेळाने काकांनी चहाचा घोट घेतला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही कधी आलात?"

आमच्या जिवात जीव आला. तो एक दिवसच टिकला.

तोवर शेकडो जणांनी गाण्याच्या प्रती आपापल्या पानावर लावल्या होत्या. खुडबुड्या एकेकाला लिहीत बसला. वडील आजारी आहेत, हात जोडतो, काढा. लोकांना वाटलं, प्रसिद्धीसाठी नाटकं करतोय. गाणं आणखी पसरलं. इकडे काका दिवसातून तासभर अडकायला लागले, मग तीन तास. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, पण हृदय थकत चाललंय.

शेवटी बँडमधले जाड्याकाका आले. नावापुरते जाडे, आता नुसती हाडं उरलीत. कधीकाळी बेस गिटार वाजवायचे. त्यांच्याकडे त्या रेकॉर्डची चांगली प्रत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"तुझा बाप त्या ठोक्याआधी श्वास कोंडायचा. ठोका मारला की सोडायचा. तू त्याला तो मारूच दिला नाहीस, गाढवा."

रेकॉर्ड लावली. काका खिडकीकडे पाहत होते. ड्रमचा तुकडा आला... श्वास आत गेला... आणि शेवटचा ठोका पडला.

काकांनी श्वास सोडला. केवढा लांब.

"दमलो गं," ते मावशीला म्हणाले. मग मुलाकडे वळले. "सोडव रे मला. कुणीतरी मागे ओढतंय."

मावशीने त्यांचा हात घट्ट धरला. गाणं संपलं, सुई उचलली गेली.

"किती वाजले गं?"

खुडबुड्याने ठोका जोडून नवीन गाणं केलं, तेही टाकलं. कुणी ऐकलं नाही. लोकांना तुटलेलाच ठेका आवडला होता.

मग दोन महिन्यांत गाणं आपोआप मागे पडलं. काका सावरले. कित्येक दिवस अडकायचे नाहीत. मावशी पुन्हा त्यांच्यावर चिडायला लागली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

एका सकाळी खुडबुड्याने मावशीच्या घरून काकांच्या तपासणीची वेळ घ्यायला हॉस्पिटलला फोन लावला. मीही तिथेच होते.

"आपल्या पुढे चौदा जण आहेत. कृपया प्रतीक्षा करा."

आणि वाट बघणाऱ्यांसाठी संगीत सुरू झालं...

ड्रम. नऊ सेकंद. श्वास आत.

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. "किती वाजले गं?"

खुडबुड्या फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. ठेवला तर वेळ मिळणार नाही. आणि त्याने ठेवला तरी पुढचे चौदा जण ऐकतच होते.

ते संगीत तिथे कुणी लावलं, कुणालाच सांगता येत नाही. ते बदलावं म्हणून तीन अर्ज दिलेत. मला स्वतःला तिथे डोळे दाखवायचे आहेत, पण अजून फोन करायचा धीर झालेला नाही.

हॉस्पिटलचे फोन सकाळी आठला सुरू होतात. मावशी साडेसातलाच काकांजवळ जाऊन बसते आणि दिवसभराचं बोलणं बोलून घेते.