चौदा नंबरला जागा हवी

रुग्णालयात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. तळमजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि काचेपलीकडे कपाटाएवढा सर्व्हर दिवसभर घुमत असे. त्या एकाच यंत्रात चौदा कंटेनर होते. कंटेनर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एका घरात चौदा बिऱ्हाडं समजा. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, आणि जागा ठरवून दिलेली." एक बिऱ्हाड रक्ततपासणीचं, एक एक्स-रेचं, एक औषधांचं. कुणाची डिस्क भरली की दोन ओळींची कमांड द्यायची, खोली मोठी व्हायची. पाच मिनिटांचं काम.

सोमवारी चौदा नंबर भरल्याची सूचना आली, तेव्हा तिने डोळे चोळत आठ जीबीचे अठरा करून टाकले. घरी बाबांची फुप्फुसं थकली होती. ती आणि ताई आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसत. डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हटलं होतं, आणि त्याचा अर्थ दोघी बहिणींनी एकमेकींना न विचारताच ओळखला होता.

मंगळवारी चौदा नंबर पुन्हा भरला. तिने अठराचे तीस केले आणि मग थबकली. चौदा नंबर झोपतपासणीच्या खोलीचा. झोपेत रोग्याचा श्वास कसा चालतो ते तिथे नोंदवत. ती खोली दोन वर्षं बंद होती.

ती किल्ली घेऊन वर गेली. पलंगावर गादी नव्हती. छातीला बांधायचे पट्टे पिशवीत भरून ठेवलेले, यंत्राची वायर काढून त्याच्याच अंगाभोवती गुंडाळलेली. सगळीकडे धूळ. हवा मात्र कोंदट आणि उबदार होती, आत कुणीतरी बराच वेळ दार लावून बसल्यासारखी.

खाली येऊन तिने फायली उघडल्या. तासाला एक. शेवटची त्याच क्षणी लिहिली जात होती. तिने झोपतपासणीच्या जुन्या टेक्निशियनबाईंना बोलावलं. त्या आता एक्स-रेकडे असत. त्यांनी चष्मा लावून वरखाली होणारी रेघ पाहिली.

"म्हातारा माणूस आहे. फार दमलाय. हे बघ, इथे श्वास थांबतो. अकरा सेकंद. मग एक मोठा, मग तीन छोटे. कुठल्या वॉर्डातला?"

"माहीत नाही. यंत्र तर बंद आहे ना?"

"मीच बंद केलंय ते." बाईंनी चष्मा काढला. समोरचा चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

संध्याकाळी ती बाबांजवळ बसली आणि मनातल्या मनात मोजू लागली. अकरा सेकंद. एक मोठा. तीन छोटे. तिने पुन्हा मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं.

बुधवारी साहेबांनी तिला बैठकीत अडकवून ठेवलं. खाली आली तेव्हा चौदा नंबर भरून चार मिनिटं झाली होती आणि रेघ मध्येच तुटली होती. तिने घाईघाईने जागा वाढवली. रेघ पुढे सरकली. लगेच ताईचा फोन.

"कुठे होतीस? बाबांचा श्वास अडकला होता गं. ओठ निळे पडले. मला वाटलं, संपलं. मग आपोआप सुरू झाला."

"किती वेळ अडकला होता?"

"घड्याळ कोण बघत बसलं होतं? तीन-चार मिनिटं असतील. तू घरी ये."

योगायोग म्हणून तिने तो विषय मनातून काढून टाकला. निदान तसं ठरवलं. पण रोज सकाळी पर्स टेबलावर ठेवायच्या आधी ती चौदा नंबरला वीस जीबी देऊ लागली. ते पुरेनात, म्हणून तीस. बाकीच्या बिऱ्हाडांची पडून असलेली जागा तिने थोडीथोडी काढून घेतली.

"त्या बंद खोलीला एवढं काय लागतंय?" साहेबांनी विचारलं.

"जुन्या नोंदी आहेत," ती म्हणाली. एकवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

पुढच्या गुरुवारी सामाईक साठा संपला. हात घालण्याजोगी जागा आता एकाच खोलीत होती, नवजात बाळांच्या वॉर्डाच्या. तिने ती लहान करण्याची कमांड टाईप केली. बोट एंटरवर ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग एकेक अक्षर पुसून टाकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

बाबा जागे होते. कामाचं ती घरात कधी बोलत नसे.

"रोज वाढवतेस तू," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"जागा." ते दम खात बोलत होते. "आता नको. फार मोठं झालंय. फिरून फिरून पाय दुखतात माझे."

"भ्रमात बोलतायत," ताई दारातून हळूच म्हणाली. "तू मनावर घेऊ नकोस."

"नाही वाढवणार," ती बाबांना म्हणाली. त्यांनी डोळे मिटले.

शुक्रवारी ती कामावर गेलीच नाही. फोनवर सूचना येत राहिल्या. सत्त्याण्णव टक्के. अठ्ठ्याण्णव. तिने फोन पालथा घातला आणि बाबांचा हात हातात घेतला. सव्वादहाला त्यांनी एक मोठा श्वास घेतला, तीन छोटे घेतले. पुढचा घेतला नाही. ताई रडली. ती बसून राहिली. तिच्यात रडण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ती परत रुजू झाली. चौदा नंबर कायमचा काढून टाकायचा, हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं.

डिस्क भरलेली नव्हती.

जागा दुप्पट झाली होती. कमांड कुणी दिल्याची नोंद कुठेच नव्हती.

बाबांची शेवटची फाईल त्या शुक्रवारी सव्वादहाला थांबलेली. तिच्याखाली आणखी एक. आजची. ती खुर्चीत बसली त्या मिनिटाला सुरू झालेली.

तिने ती उघडली. यात रेघा दोन होत्या.

ती पाहत राहिली. मग तिने श्वास रोखून धरला.

वरची रेघ लगेच सपाट झाली.

खालची थोडा वेळ तशीच चालत राहिली, एक मोठा, तीन छोटे. मग तीही थांबली, कानोसा घेतल्यासारखी.