सांभाळणाऱ्याच्या जागी लिहिलेलं नाव

खोटं वाटलं तर वाटू दे. मी चौथी शिकलेली बाई. शिवणयंत्रावर एकुलता एक मुलगा वाढवला. गोष्टी रचत बसायला मला सवड कधी मिळालीच नाही.

हे घडलं ते माझ्या मुलाच्या खोलीत. शुक्रवारी, दुपारी तीनला. लख्ख उजेडात.

मुलगा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

ताप मेंदूत गेला. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

तो आणि माझी सून मिळून एक प्रोग्राम बनवायचे आणि जगाला फुकट वाटायचे. लोक तो आपापल्या कामात जोडून घेतात म्हणे. "फुकट? मी कधी कुणाला बटणसुद्धा फुकट लावून दिलं नाही," मी म्हणायचे. दोघं खो खो हसायची.

त्या प्रोग्रामची एक फाइल असते. कोणकोणत्या जातीच्या कॉम्प्युटरवर तो चालवून बघायचा, त्याची यादी. प्रत्येक जातीपुढे सांभाळणाऱ्याचं नाव. चाललं की हिरवी खूण, अडकलं की लाल.

एका जुनाट जातीपुढे माझ्या मुलाचं नाव होतं. ते मशीन, एक राखाडी डबा, त्याच्या टेबलाखाली असायचं. तो गेला त्या दिवशी मीच त्याची वायर भिंतीतून उपटली. ती घरघर ऐकवेना.

आता सून ती यादी ताजी करायला बसली होती. नव्या जाती घातल्या, जुन्या काढल्या. या एका ओळीपाशी येऊन अडली.

"काढून टाक की. कोण वापरतंय ते धूड?" मी म्हटलं.

"नियम आहे, आई. दर शुक्रवारी एकदा, असं तीनदा सांभाळणाऱ्याला विचारायचं. उत्तर नाही आलं तरच ओळ काढायची."

"अगं, सांभाळणाराच गेला! विचारतेस कुणाला?"

"बाकी सगळ्यांना विचारलं. त्यालाच न विचारता कशी काढू?"

चूक झाली ती इथेच. नियमापायी माझ्या सुनेने मेलेल्या नवऱ्याला चिठ्ठी धाडली.

पहिल्या शुक्रवारी काही नाही.

दुसऱ्या शुक्रवारी काही नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मी चहा घेऊन दारात उभी होते. तिने चिठ्ठी पाठवली. खोली एकदम गप्प झाली. रस्त्यावरचा आवाजसुद्धा आत येईना.

मग टेबलाखाली...

घरघर.

मी वाकून बघितलं. वायर जमिनीवर पडलेली. मोकळी.

पडद्यावर त्या ओळीपुढे हिरवी खूण उमटली. खाली त्याच्या नावाने एकच शब्द. सुनेने तो मोठ्याने वाचला.

"आहे."

त्या दिवसापासून ती खोलीतून हलेना. फाइलमध्ये काहीतरी बदलायची, पाठवायची. टेबलाखाली घरघर. हिरवी खूण. पुन्हा बदलायची, पुन्हा पाठवायची. दिवसातून चाळीस वेळा.

तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. पंधरा दिवसांनी हजर व्हायचं होतं. "मी जाणार नाही," म्हणाली. केस विंचरेना. हातातलं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत जायला लागलं.

"नवरा नाही तो, डबा आहे!" मी ओरडले.

"डबा 'जेवलीस का' असं विचारतो का, आई?"

मी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"मग जेव ना, बाई! तो सांगतोय तर त्याचं तरी ऐक!"

"जेवायला उठले आणि तेवढ्यात तो गेला तर?"

मी कापड कापायची कात्री आणली. मोकळ्या वायरचे चार तुकडे केले.

घरघर थांबली नाही.

आठव्या दिवशी ती खुर्चीतून खाली कोसळली. डॉक्टर घरी आला, सलाईन लावलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "असंच चाललं तर वाचणार नाही ही."

मुलगा तर गेलाच होता. आता ही.

मी त्याच्या खोलीत गेले. दार लावलं. त्याच्या खुर्चीत बसले. मी कुणापुढे हात जोडणारी नाही. त्या डब्यापुढे जोडले.

"पोरा, सोड तिला. तिचं आयुष्य पडलंय अजून. एकटं राहवत नसेल तर... मी आहे. माझं सगळं करून झालंय."

घरघर थांबली.

संध्याकाळी सून धडपडत टेबलापाशी गेली. पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"ओळ गेली, आई. त्यानेच काढली. काढणाऱ्याचं नाव त्याचंच आहे."

पोटभर रडली. मग ताटभर जेवली. चार दिवसांनी नोकरीच्या गावी गेली. मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला.

"आई, ती ओळ परत आलीये... सांभाळणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे. पूर्ण नाव. तुम्ही कुणाकडून काही करून घेतलंत का? मी येऊ तिकडे? आत्ता निघते."

मला त्या कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं तेही ठाऊक नाही.

"हो, मीच करून घेतलं," मी म्हटलं. "दुरुस्तीवाला आला होता, त्याला सांगितलं. उगाच आठवण म्हणून. तू कशाला येतेस? तुझं काम बघ. आणि वेळेवर जेवत जा."

"नक्की ना, आई?"

"मी कधी खोटं बोललेय का तुझ्याशी?"

फोन ठेवला. भिंतीपलीकडून आवाज येत होता...

मी अजून कुलूप उघडलेलं नाही. पण आजकाल जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही.